मुलांना यातून वगळू नका

शाळकरी मुलांना ‘प्लास्टिक कमी वापरा’ असे सांगण्यात काही अर्थ नाही, असे म्हणणारे लोक अलीकडे वाढले आहेत. हे लोक बेफिकीर नाहीत. त्यांतले बरेच जण पर्यावरणाविषयी वाचणारे, त्यामागचे अर्थकारण जाणणारे आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पिशव्या, बाटल्या आणि वेष्टने बनवतात कंपन्या, त्यांना कच्चा माल पुरवतात पेट्रोकेमिकलचे कारखाने, परवानगी देते सरकार, आणि कापडी पिशवी घेऊन फिरण्याची जबाबदारी मात्र नववी-दहावीतल्या पोरावर. ज्याला अजून मत देता येत नाही, ज्याच्या खिशात वीस-तीस रुपयांपलीकडे काही नसते, त्याला अपराधी वाटायला लावून काय साधणार? हा प्रश्न तळमळीने विचारला जातो, म्हणून त्याला उत्तरही नीट दिले पाहिजे. माझे उत्तर असे की, यातले निदान बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. ज्या कंपन्यांना दोष द्यायला ही मंडळी निघाली आहेत, त्यांनाच तो सर्वांत सोयीचा आहे.

निदान बरोबर आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करतो. 1953 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने एकदाच वापरून फेकायच्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी पेये आणि डबे तयार करणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली. कचरा कोण तयार करतो याची चर्चा तिने केली नाही, कचरा कोण टाकतो एवढ्यावरच बोट ठेवले. 1971 मध्ये या संस्थेची एक जाहिरात अमेरिकाभर गाजली. मूळ अमेरिकन वेशातला एक माणूस रस्त्याकडेचा कचरा पाहतो आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो. प्रदूषण सामान्य माणसांनी सुरू केले आहे, त्यांनीच ते थांबवावे, असा तिचा अर्थ होता. याच काळात बाटली परत केली की अनामत परत देणारे कायदे अमेरिकेतल्या काही राज्यांत येऊ घातले होते, आणि उद्योग त्यांना विरोध करत होते. व्हरमाँटची बंदी तर चार वर्षांतच संपली होती. ज्यांनी हा इतिहास वाचला आहे त्यांना शाळेतल्या ‘प्लास्टिकमुक्ती’च्या फलकाकडे पाहून संशय येतो, याचे मला नवल वाटत नाही.

पुनर्प्रक्रियेच्या आश्वासनाचेही तेच. संशोधक रोलंड गायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जगभरच्या प्लास्टिकचा हिशेब मांडला. 2015 पर्यंत जितका प्लास्टिक कचरा निर्माण झाला त्यातल्या जेमतेम 9 टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली होती, 12 टक्के जाळला गेला होता, आणि उरलेला 79 टक्के कचरा डेपोंत किंवा उघड्या निसर्गात साचला होता. मुलांनी कचरा निळ्या डब्यात टाकला की प्रश्न सुटला, असे त्यांना शिकवणे ही फसवणूक आहे. ती थांबलीच पाहिजे.

पण इथून ‘म्हणून मुलांना सांगूच नका’ हे कसे निघते?

मुलांच्या हातात पैसा नसतो हे विधान आधी तपासू. कोणत्याही शाळेबाहेरच्या टपरीवर जा. दोरीला लटकलेल्या माळा पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांच्या असतात. हे आकार आणि या किमती अपघाताने ठरलेल्या नाहीत. खिशातल्या एका नाण्यात बसेल असे पाकीट बनवायचे, म्हणजे मुलाला घरी विचारावे लागत नाही. त्यासाठी खाऊचे वजन कमी करतात, किंमत मात्र तीच ठेवतात. अशा छोट्या पाकिटात खाऊच्या मानाने वेष्टन जास्त लागते. लातूर-पुण्याच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत घरापासून लांब राहणारी सोळा-सतरा वर्षांची हजारो मुले आहेत. पाण्याची बाटली, आइस्ड कॉफीचा झाकणवाला पेला, मेसचे पार्सल, रात्रीच्या अभ्यासाला चिप्स, हे सगळे ती आपल्या निर्णयाने विकत घेतात. जाहिरात करणाऱ्या कंपन्यांनी या मुलांना कधीच दुबळे मानलेले नाही. एक अख्खी बाजारपेठ त्यांच्या आवडीनिवडीवर उभी आहे. ज्या वयाच्या मुलाला कंपनी खरेदीदार म्हणून एवढे गांभीर्याने घेते, त्याच मुलाला नकार देण्यापुरतेही आपण मोठे मानत नाही, ही त्याच्याबद्दलची सहानुभूती नव्हे. आपण त्याला कमी लेखतो आहोत.

आता कायद्याकडे येतो, कारण ‘सरकारने बंदी घालावी, मुलांना का त्रास’ हे वाक्य मी वारंवार ऐकले आहे. सरकारने बंदी घातलेली आहे, एकदा नव्हे तर अनेकदा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली. मिठी नदीच्या पात्रातली अतिक्रमणे, भरतीची वेळ, जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था अशी अनेक कारणे त्यामागे होती. तुंबलेल्या गटारांतून निघालेल्या प्लास्टिकच्या पिशव्या हे त्यातले सर्वांना डोळ्यांनी दिसलेले कारण. त्यानंतर राज्याने पिशव्यांवर निर्बंध आणले आणि 2006 च्या नियमांनी 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. पातळ पिशव्या राहिल्याच. मग 23 मार्च 2018 ची अधिसूचना आली : सगळ्या कॅरीबॅग, थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे पेले-चमचे बंद. तीन महिन्यांनी दंड सुरू झाला. पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि कैदेची तरतूद. अंमलबजावणीला काही दिवस झाले नाहीत तोच किराणा दुकानांतल्या वेष्टनांना सवलत मिळाली. पाण्याच्या बाटल्या परत घेण्यासाठी रुपया-दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीला 50 पैसे परत देण्याची योजना कागदावर होती, दुकानाच्या गल्ल्यापर्यंत ती पोहोचली नाही. त्यानंतर 1 जुलै 2022 पासून केंद्राची देशव्यापी बंदी आली : स्ट्रॉ, ताटल्या, पेले, काटे-चमचे, कानातल्या काड्या, फुग्यांच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीही देशभर बेकायदा ठरली.

आज भाजीबाजारात जा आणि मोजा.

महापालिकेची पथके दोन आठवडे फिरतात, थोडी जप्ती होते, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग झबला पिशव्यांचे गठ्ठे गाडीखालून पुन्हा वर येतात. भाजीवाली सांगते की पिशवी नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जाते, आणि ती खोटे बोलत नाही. रोज दोनशे-तीनशे रुपये सुटणाऱ्या बाईने कायदा पाळायचा आणि गिऱ्हाईक गमवायचे, असे आपण तिला सांगतो आहोत. कायद्याची खरी कसोटी या गाडीपाशी लागते, आणि तिथे सरकारचा एकही माणूस उभा नसतो. तिथे असतात विकणारी, घेणारा, आणि घेणाऱ्याबरोबर आलेले मूल. आज दहावीत असलेली मुले 2018 ची बंदी आली तेव्हा प्राथमिकच्या सुरुवातीच्या वर्गांत होती. म्हणजे त्यांचे जवळजवळ सगळे शालेय आयुष्य बंदीच्या काळात गेले आहे आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी त्यांनी बंदी घातलेली वस्तू घरात येताना पाहिली आहे. कायदा म्हणजे काय, याचा नागरिकशास्त्राच्या पुस्तकाहून कितीतरी पक्का धडा त्यांना या पिशवीने दिला आहे. मुलांना या विषयातून बाहेर ठेवावे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. ती बाहेर नाहीतच. आपण गप्प बसलो तरी ती शिकत आहेत, आणि जे शिकत आहेत ते भयंकर आहे.

याच्या उलट काय घडू शकते ते तमिळनाडूत तुतिकोरीनच्या मुलींनी दाखवून दिले. 2018 मध्ये तिथल्या एका मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनींनी दोन आठवडे आपण खाल्लेल्या बिस्किटांची, वेफर्सची, चॉकलेटांची वेष्टने जमवली. वीस हजारांहून अधिक निघाली. ती त्यांनी कंपनीनुसार वेगळी केली आणि मोजली. निम्म्याहून जास्त वेष्टने एकाच मोठ्या कंपनीची होती. मग वेष्टने त्या त्या उत्पादकांकडे परत पाठवली आणि सोबत पत्र लिहिले : तुमचा खाऊ आम्हाला आवडतो, पण वेष्टन आवडत नाही, त्याची विल्हेवाट तुम्ही लावा आणि पर्यावरणाला न दुखावणारे वेष्टन आणा.

या घटनेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मोजण्याचा भाग. या मुलींना ‘प्लास्टिक हा शत्रू आहे’ असे सांगून कोणी घोषणा द्यायला लावल्या असत्या, तर त्यांच्या हाती काहीच लागले नसते. स्वतःच्या खाण्याचा कचरा हातात घेतला म्हणून त्यांना दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या : आपण किती वापरतो आणि हे कोण बनवते. ‘व्यक्तीची जबाबदारी की कंपनीची’ हा वाद घालणाऱ्या मोठ्या माणसांना जे जोडता येत नाही ते त्यांनी मोजणीतून जोडले. स्वतःचे वेष्टन न उचलणाऱ्या माणसाने कंपनीला पत्र लिहिले असते तर त्याला आकडा कुठून मिळाला असता? सवय बदलण्याची सुरुवात केली की मागणी करण्याची ताकद आपोआप अंगी येते, असा माझा दावा नाही. त्यासाठी शिक्षक लागतात, पत्त्यांची यादी लागते, पोस्टाचा खर्च लागतो. पण सुरुवात न करता ती येत नाही एवढे नक्की.

आणि ही वेष्टने का मोजायची, हेही मुलांना सांगायला हवे. कचरावेचक बायका पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या उचलतात, कारण भंगारात त्यांना भाव आहे. चिप्सचे पाकीट त्या उचलत नाहीत. पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर आणि पॉलिथिन असे वेगवेगळे पदार्थ एकावर एक चिकटवून ते बनवलेले असते. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाल्याला त्याचे काही मोल नाही. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि पुढे त्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था कचरावेचकांच्या बाजूने हेच सांगत आली आहे, की ज्या वस्तूला परत घेणारा कोणी नाही ती विकण्याआधीच तिचा विचार व्हायला हवा. सोळा वर्षांच्या मुलाला हे समजत नाही असे कोण म्हणते? अकरावी-बारावीत रसायनशास्त्र घेणाऱ्याला बहुवारिके शिकवतातच की. त्याच पाठाला हातातले पाकीट जोडायचे आहे.

बालीतल्या मेलाती आणि इसाबेल विसेन या बहिणी तर 12 आणि 10 वर्षांच्या होत्या. 2013 मध्ये त्यांनी बेटावरच्या प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली, विमानतळावर सह्या गोळा केल्या, भारतभेटीत गांधीजींविषयी जाणून घेतल्यावर उपोषणाचा मार्ग धरला आणि राज्यपालांना भेट द्यायला लावली. 2019 मध्ये बालीत पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलवर बंदी आली. बालीच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात आजही कचरा वाहून येतो. बंदीने सगळे संपले असे मी म्हणत नाही. पण मत देण्याचे वय नसलेल्यांना धोरण बदलता येत नाही, हा आक्षेप यापुढे कोणी घेऊ नये.

मुलांचा परिणाम घरातही होतो आणि त्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डॅनिएल लॉसन आणि सहकाऱ्यांनी 10 ते 14 वयाच्या मुलांना हवामानबदल शिकवून त्यांच्या पालकांचे मत आधी आणि नंतर विचारले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकांची काळजी वाढलेली दिसली, आणि सर्वांत जास्त फरक पडला तो वडिलांमध्ये आणि पुराणमतवादी विचारांच्या पालकांमध्ये. मुलींचा प्रभाव मुलग्यांपेक्षा अधिक होता. महाराष्ट्राला हे नवे नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने फटाक्यांविरुद्धची मोहीम शाळांतून चालवली ती याच विश्वासावर, आणि फटाके आणायला निघालेल्या बापाला घरातल्या सातवीच्या मुलीने थांबवल्याची उदाहरणे आपल्या आसपास आहेत.

आता कापडी पिशवीविषयीचा तो प्रसिद्ध आक्षेप. डेन्मार्कच्या पर्यावरण यंत्रणेचा 2018 चा अहवाल पुढे केला जातो : सुती पिशवी 7,100 वेळा वापरली तरच ती साध्या प्लास्टिक पिशवीइतकी निरुपद्रवी ठरते, सेंद्रिय कापसाची असेल तर 20,000 वेळा. हा आकडा ऐकून शहाणी माणसेही गप्प होतात. अहवाल मुळातून वाचला तर चित्र वेगळे दिसते. केवळ हवामानावरचा परिणाम पाहिला तर तोच अहवाल साध्या सुती पिशवीसाठी 52 वेळांचा आकडा देतो. हजारोंचे आकडे सगळे निकष एकत्र धरल्यावर, त्यातही ओझोनच्या थरावरच्या परिणामामुळे आलेले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निसर्गात पडलेल्या कचऱ्याचा परिणाम या हिशेबात धरलेलाच नाही. डेन्मार्कमध्ये कचरा गोळा होतो आणि जाळला जातो, म्हणून तिथे ते चालून जाते. नाला तुंबवणारी, गाईच्या पोटात जाणारी पिशवी त्या हिशेबात नाही. शिवाय त्यांची पिशवी नव्या कापसाची आहे. आपल्या घरात जुन्या साडीची, बेडशीटची, पॅन्टच्या पायाची पिशवी शिवली जाते. ज्या कापडाची पुढची पायरी गोधडी किंवा बोहारणीचे भांडे होती, त्याच्या पिशवीला नवा कापूस लागत नाही. दुकानांनी आणि संमेलनांनी छापील नव्या कापडी पिशव्या फुकट वाटू नयेत, हा त्या अहवालातून घ्यायचा खरा बोध आहे, आणि तो मला पूर्ण पटतो.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबतो. मुलींना पाळीच्या पॅडवरून अपराधी वाटायला लावणारी भाषणे काही ठिकाणी होतात. ती ताबडतोब बंद करावीत. पॅडमध्ये प्लास्टिक असते हे खरे, पण ज्या मुलीला आताशा कुठे शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह आणि सुरक्षित साधन मिळू लागले आहे, तिच्यावर हे ओझे टाकणे अन्याय आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार वापरलेला पॅड गुंडाळून टाकण्याची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. ती त्याच्याकडून पार पाडून घ्यावी. तसेच आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे स्ट्रॉ लागणाऱ्याला कोणी टोकू नये, आणि एक रुपयाची शाम्पूची पुडी घेणाऱ्या घरातल्या मुलाला वर्गात उभे करू नये. कमी करायचे ते ज्याच्याशिवाय सहज भागते ते : पाण्याची विकतची बाटली, कॅरीबॅग, वाढदिवसाचे थर्माकोल, पेल्यावरचे झाकण. ही यादी मुलांनीच ठरवावी.

शाळांनी आजवर जे केले त्याविषयी माझी तक्रार टीकाकारांहून तीव्र आहे. प्रतिज्ञा म्हणायची, भित्तिपत्रक चिकटवायचे, पर्यावरणाच्या प्रकल्पाची वही बाजारात तयार मिळते ती प्लास्टिकच्या आवरणात घालून जमा करायची. यातून मुलांना एवढेच कळते की या विषयात खरे काही करायचे नसते. त्याऐवजी शाळेच्या उपाहारगृहाचा करार मुलांच्या प्रतिनिधींसमोर वाचावा. तिथे पाकीटबंद खाऊ विकायचा की शेंगदाण्याचा लाडू, भेळ आणि केळी, हे करारात लिहून घेता येते. पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली ते फळ्यावर लिहावे, कारण टाकीवर भरवसा नाही म्हणून पालक बाटली विकत घ्यायला पैसे देतात. आठवडाभराची वेष्टने वर्गात जमवून, कंपनीनुसार मांडून, मोजावीत. वेष्टनावर उत्पादकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, थेट छापून किंवा क्यूआर कोडसारख्या मार्गाने, देणे नियमाने सक्तीचे आहे. ज्यावर तो नाही त्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात अर्जदाराच्या वयाची अट नाही, तेव्हा आपल्या नगरपालिकेने गेल्या वर्षी किती पिशव्या जप्त केल्या आणि किती दंड वसूल केला, हे नववीतली मुलगी विचारू शकते.

राहिला शेवटचा मुद्दा, जो आईबाप मांडतात आणि जो मला सर्वांत जवळचा वाटतो : आधीच अभ्यासाचा ताण आहे, त्यात जगाची काळजी कशाला? 2021 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या 59 टक्क्यांना हवामानबदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटत होती, आणि सरकार पुरेसे काही करत नाही या भावनेशी त्यांचा त्रास जोडलेला होता. म्हणजे काळजी मुलांपर्यंत आधीच पोहोचली आहे. आपण विषय टाळल्याने ती कमी होत नाही. मोठी माणसे काही करत नाहीत, हे दिसल्याने ती वाढते. म्हणून मुलांकडून अपेक्षा ठेवायची तर पहिली अट आपल्यावर आहे. मुलांनी कंपनीला किंवा नगरपालिकेला पत्र लिहिले तर मुख्याध्यापकांनी त्यावर शाळेचा शिक्का मारून ते स्पीड पोस्टाने पाठवावे, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर दुसरे पत्र पालक-शिक्षक संघाने स्वतःच्या नावाने लिहावे.